झोप गेली की तोंडातला ‘जी’ जातो

म्हाताऱ्या माणसाला नवीन काही सापडत नाही, असं मी धरून चाललो होतो. चष्मा सापडत नाही, तंबाखूची डबी सापडत नाही, तिथं नवीन काय सापडणार? पण मला सापडलं. तेव्हापासून मी भेटेल त्याला धरून सांगतो आहे. पानठेल्यावर सांगितलं. मोहाडीच्या बाजारात वांगी घेता घेता सांगितलं. दाढी करणाऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आबाजी, गाल हालवू नका, वस्तरा लागन." म्हणून आता लिहूनच टाकतो. माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ कोणी पाहू नये, गोष्ट पाहावी.

गोष्ट आमच्या ‘जी’ची आहे. आमच्या भंडाऱ्याकडं माणूस बोलला की मागं ‘जी’ लागतो. हो जी, नाही जी, या जी, बसा जी, काहून जी. पुण्याकडची माणसं हसतात, सारखं जी-जी काय करता म्हणतात. आम्हाला तो लावल्याचं कळतही नाही. आणि मला सापडलं ते हे की, रात्री झोप झाली नाही तर सकाळी हा ‘जी’ तोंडातून जातो. आता खरी गंमत ऐका. तो सगळ्यांसाठी जात नाही. आपल्या माणसासाठी जागच्या जागी राहतो. दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या टोलीच्या म्हणजे वस्तीच्या माणसासाठी तेवढा जातो. आणि ज्याच्या तोंडून गेला त्याला पत्ता नसतो. शपथेवर विचारा, तो म्हणेल, मी तर सगळ्यांशी सारखाच बोलतो जी.

हे कसं सापडलं ते सांगायला जरा मागून यावं लागेल.

मागच्या साली धानाचे रोवणे, म्हणजे भातलावणी, चालू असताना माझी बायको गेली. ताप आला आणि गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. ती घोरायची. साधं नाही, धानाची गिरणी सुरू झाल्यासारखं. मी जन्मभर तिला बोललो. म्हणायचो, "तुह्या नाकाले कुलूप लाव वो." ती म्हणायची, "मी मेल्यावर निजजा निवांत." ती मेली आणि घर इतकं शांत झालं की माझा डोळा लागेना. लोक म्हणतात, आठवणीनं झोप येत नाही. आठवण तर मला दिवसाही येते, जेवतानाही येते. झोप येत नव्हती ती त्या आवाजावाचून. खाटेवर पडून राहायचो, कान लावून. ऐकायला काहीच नाही. कोंबडा आरवला की उठायचो, डोळ्यांत वाळू भरल्यासारखी, तोंड कडू.

आम्ही कुणबी, धानवाले. तलावाच्या पाळीखाली, म्हणजे बांधाखाली, ढीवरटोली आहे, मासे धरणाऱ्या ढीवरांची. तिथली एक बाई माझ्या बायकोची जिवाची मैत्रीण. दोघी एकाच साली लग्न होऊन या गावात आल्या. ती मासोळी विकायला यायची, पण टोपलं ओट्यावर ठेवून सरळ चुलीजवळ जाऊन बसायची, आणि मग टोपल्याची आठवण मलाच करून द्यावी लागायची. दिवाळीच्या आगेमागे शिंगाडे निघाले की उकडून आणायची. मला भाऊजी म्हणते. मी तिला ‘या जी, बसा जी’ म्हणत आलो. निदान मी तरी तसं समजत होतो.

माझी नात भंडाऱ्याला दवाखान्यात नर्स आहे. त्याच दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करणारा पोरगा तिला आवडला. तो म्हणजे या मैत्रिणीचाच नातू. बायकोला हे माहीत होतं की नाही, मला ठाऊक नाही. मैत्रिणीला विचारलं तर ती नुसती हसते. माझ्या पोरानं, म्हणजे नातीच्या बापानं, सांगून टाकलं, "बाबा हो म्हणतीन तं माही ना नाही." म्हणजे पोरीचं सगळं माझ्या तोंडावर येऊन बसलं.

दिवाळीच्या आधी एक दिवस सकाळी नात ड्युटीवरून आली, हातपाय धुतले आणि माझ्या खाटेच्या काठावर बसली.

"आबाजी, रात्री निजले का?"

"काहून?"

"निजले असान तं एक गोष्ट विचारीन. नसान निजले तं उद्या विचारीन."

"माह्या निजण्याचा अन् तुह्या विचारण्याचा काय संबंध?"

"मी पाहून राहिली न. निजले त्या दिवशी तुम्ही म्हणता, पोरी, माणूस पाह्य, मन पाह्य. नाही निजले त्या दिवशी म्हणता, आपल्या लोकायत पाह्य. दोन्ही तुम्हीच म्हणता. अन् दोन्ही वेळा असं म्हणता, जसं काही जलमापासून तुमचं तेच म्हणणं आहे."

मला राग आला. मी म्हणालो, "खोटं नको बोलू. मी कायले असं म्हणीन? तुही आजी अन् ते शिंगाडेवाली बहिणीसारख्या होत्या."

"मंग ते आजी परवा शिंगाडे घेऊन आली, तवा तुम्ही काय म्हणाले?"

"म्हणालो, या."

"तेच तं. ‘या’ म्हणाले. ‘या जी’ नाही म्हणाले. आजी दारातच उभी राहिली. शिंगाडे देले अन् गेली. आत नाही आली."

शिंगाडे दारातून आले होते हे मला आठवत होतं. का आले ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी समजलो होतो, बायको नाही म्हणून ती आत येत नसेल.

"अन् त्याच दिवशी," नात म्हणाली, "मागून आपल्यातले सरपंच आले. त्यायले म्हणाले, या जी, बसा जी, पाणी घ्या जी. मी भांडे घासून राहिली होती. मोजले म्या तुमचे जी."

माणसाला असं कोणी पकडलं तर त्यानं काय करावं? मी आधी चिडलो. मग विचार केला, ही पोरगी दिवसभर लोकांची नाडी पाहते, ही उगीच बोलणार नाही. मी म्हणालो, चाल, पाहून घेऊ. पण अडचण अशी की आपला ‘जी’ आपल्याला ऐकू येत नाही. म्हणून ठरलं की ऐकायचं तिनं. माझा ‘जी’ सुटला की ती खोकणार.

आणि काय सांगू, घरात नुसता खोकला सुरू झाला. सून म्हणे, पोरीले काढा करून देऊ का. आमच्या भावकीतला कोणी आला की पोरगी ठणठणीत. मोटारपंप दुरुस्त करणारा आला, खोकला. कपडे शिवणारा आला, खोकला. टोलीतला कोणी तलावाचं पाणी सोडायचं विचारायला आला, असा खोकला की तो म्हणाला, ताईला दवाखान्यात न्या. ती म्हणाली, मी तिथूनच आली. आणि ज्या दिवशी मला जराशी डुलकी लागलेली असायची, दुपारी का होईना, त्या दिवशी तेच लोक यायचे आणि पोरगी गप्प बसून मटार सोलत राहायची. मला इतका आनंद झाला की काय सांगू. माझंच वाईट उघडं पडत होतं आणि मी लहान पोरासारखा खुश होतो. कारण मला कळलं की ते उघडं पडू शकतं. त्याची काही वेळ आहे, काही कारण आहे.

"आबाजी, एकट्यानं लाजू नका," नात म्हणाली. "लागोपाठ नाइट ड्युटी केली का माहंही असंच होते. पाटलाच्या बाईले मी काकू म्हणते अन् मजुरी करणाऱ्या बाईले ‘ए बाई, सरक’ म्हणते. एक दिवस तो माह्या मागं उभा होता. त्यानं ऐकलं. रक्ताची बाटली घेऊन गेला. मले घरी येऊन जेवण गेलं नाही."

‘तो’ म्हणजे कोण ते मी विचारलं नाही.

मी त्यावर बराच विचार केला. विचार करायला मला रात्रभर वेळ होता. मैत्रिणीबद्दल माझ्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही सांगतो. पण मनाच्या खाली अजून काही असतं. तलावाच्या तळाशी गाळ असतो तसा. आजा-पणजाचं बोलणं, कोणाला किती मान, कोणाला दारात, कोणाला आत, ते सगळं खाली बसलेलं असतं. माणूस निजून उठला की वर निवळ पाणी असते. निजला नाही की म्हैस शिरल्यासारखा गाळ वर येतो. आणि माणसाला वाटतं, हेच आपलं पाणी.

तर आता खरा प्रश्न असा होता. दिवाळीनंतर आमच्याकडं गावोगाव मंडई भरते. पाहुणेरावळे येतात, दुकानं लागतात, दंडार नाचते, आणि रात्री मांडवात नाटक असते ते उजाडेपर्यंत चालते. पाहुणे आलेलेच असतात म्हणून सोयरिकीची बोलणी दुसऱ्या दिवशी सकाळी उरकून घेतात. आमच्या इकडं पहिल्यापासून असंच आहे. ज्या पोराशी जमायचं त्याला बाप नाही, बोलणी करणार त्याचा मामा. तो नाकाडोंगरीकडं राहतो, खाणीत कामाला जातो. मंडईला येणार, नाटक पाहणार, सकाळी आमच्या घरी बसणार आणि दुपारच्या पाळीला परत जाणार. म्हणजे पोरीच्या जन्माचा निकाल त्या एका सकाळी. आणि ‘हो’ म्हणायचं मी. आणि मी न निजलेला.

मी झोपेच्या मागं लागलो. सुनेनं खसखस दुधात उकळून दिली, पोट बिघडलं. पोरानं तळपायाला तेल चोळलं, चादर खराब झाली. नातीनं दवाखान्यातली गोळी काही दिली नाही, म्हणाली या वयात सवय नको. मंडईचा दिवस उजाडला तरी माझे डोळे तसेच लाल. मी ठरवलं की सकाळी तोंडच उघडायचं नाही, मान हलवायची.

मंडईच्या रात्री मी नाटकाला गेलो. नाटक मी सोडत नाही. बायको आणि मी दोघं जायचो, ती रडण्याच्या प्रवेशाला रडायची आणि हसण्याच्या प्रवेशाला माझ्याकडं पाहायची. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. शाल पांघरून मी खाली अंथरलेल्या तणसावर, धानाच्या पेंढ्यावर, बसलो. एका बाजूला बायकोची मैत्रीण, दुसऱ्या बाजूला माझा पोरगा. भोंगा डोक्यावर, पेटी, तबला, मागं पोरांचा गोंधळ, भज्याचा घाणा, कोणाचं तरी लेकरू रडून राहिलं. पडदा वर गेला. नायिका आली. पुढचं मला ठाऊक नाही.

उठलो तेव्हा तांबडं फुटलं होतं आणि मैत्रीण मला हलवत होती.

"भाऊजी, नायिका मेली, तिचा बाप मेला, शेवटी तं पोलीसबी आला बंदूक घेऊन. तुम्ही काही उठले नाही. मले वाटलं तुम्हीही गेले का काय."

मी डोळे उघडले आणि मला जग धुतल्यासारखं दिसलं. खरंच सांगतो. वर्षात पहिल्यांदा मी असा निजलो होतो. त्याचं कारण मला तिथंच कळलं. मला शांतता नको होती. मला आवाज पाहिजे होता. इतके दिवस मी मुक्या घरात पडून झोपेची वाट पाहिली, आणि झोप इथं भोंग्याखाली बसली होती.

सगळा गाव रातभर जागा आणि मी एकटा निजलेला. असं आमच्या गावात कधी झालं नसेल.

घरी आलो. पडवीत सतरंजी टाकली. मामा मोटारसायकल लावून आला, त्याच्यामागं मैत्रीण. पोराला, म्हणजे नवरदेवाला, बोलणीत बसवत नाहीत, तो टोलीतच थांबला होता. माझा पोरगा दारात उभा. डोळे तारवटलेले. मामाकडं पाहून म्हणाला, "बस."

नुसतं ‘बस’.

माझे कान उभे राहिले. तेवढ्यात कवाडातून भावकीतल्या एकानं डोकावलं. पोरगा त्याला म्हणाला, "या जी काका, चहा घ्या जी." काका घाईत होता, गेला. पोरगा परत मामाकडं वळला, म्हणाला, "हं, बोल."

माझा पोरगा असा नाही. ग्रामपंचायतीत असताना टोलीच्या नळासाठी भांडलेला माणूस आहे. तो जर म्हणाला असता की मी जात मानत नाही, तर मी साक्ष दिली असती. आणि मी तिथं बसून ऐकत होतो, आणि आता खोकायची पाळी माझी होती. स्वतःचं ऐकू येत नाही, पण निजलेल्या माणसाला न निजलेल्याचं सगळं ऐकू येते. मी खोकलो. नात पाणी घेऊन आली होती, तिनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं. बाकी कोणाला काय कळणार.

मामाही काही कमी नव्हता. त्याच्याही डोळ्यांत रात्र होती. तो म्हणाला, "तुमचं काय आहे, तुम्ही शेतीवाले. आता पोरीले हो म्हणसान अन् जेवाच्या वेळी पंगतीत येसान नाही. मले माहीत आहे तुमचे लोक."

पोरगा म्हणाला, "आमचे लोक काढतो का? तुमच्यात पोरगी देली का तिले तलावावर धाडता, हे गावाले माहीत आहे."

आतून सून बोलली. एरवी ती पाहुण्यांपुढं आवाज काढत नाही. "माही पोरगी नर्स आहे म्हणा. ते जाळं विणाले नाही जाणार."

मैत्रीण म्हणाली, "जाळं तुह्या सासूनं विणलं होतं माह्यासंगं. हातानं नाही जमलं तं शिव्या देत देत विणलं."

पण ते कोणी ऐकलं नाही. आवाज चढला. तुमच्यात, आमच्यात, तुमच्यात, आमच्यात. मी पाहत होतो. काल दुपारी हेच दोघं आकाशपाळण्याजवळ उभे राहून एका कागदातले भजे खात होते. एका रात्रीत काय झालं? काहीच झालं नाही. फक्त निजले नाहीत. पोरगी खांबाला टेकून उभी होती, हातातला तांब्या तसाच. ती आता खोकतही नव्हती. तिच्या तोंडाकडं पाहून मला वाटलं, हे उठून गेले की संपलं. आमच्याकडं एकदा माणूस बोलणीतून उठला की परत बसत नाही.

मामा उठला. त्याची चाबी सतरंजीवर पडली होती. त्याच्याआधी मी उचलली आणि धोतराच्या कनवटीला खोचली.

"ओ म्हातारं, चाबी द्या."

"नाही देत. पहिले निजा."

"काय?"

"निजा. सगळे निजा. रातभर नाटक पाह्यलं अन् आता दुसऱ्याच्या पोरीचा संसार मांडाले बसले. तुम्ही नाही बोलून राहिले, तुमचं जागरण बोलून राहिलं."

पोरगा म्हणाला, "बाबा, तुमाले काय झालं?"

"मले झोप झाली. तुमाले नाही झाली. एवढंच झालं."

नात फसकन हसली. तांब्यातलं पाणी सांडलं. ती आत धावली आणि घरातल्या होत्या नव्हत्या चटया, सतरंज्या, बायकोच्या हातच्या वाकळा घेऊन आली.

"माही दुसरी पाळी आहे," मामा म्हणाला.

"फोन लाव. सांग पोट बिघडलं."

"खोटं बोलू?"

"मंग खरं सांग, का एका बुढ्यानं चाबी धोतरात घातली."

त्यानं थोडा विचार केला आणि फोनवर पोटाचंच सांगितलं.

सगळ्यात आधी मैत्रीण आडवी झाली. म्हणाली, "बाकीच्यायचं मले माहीत नाही. माहे डोळे जळून राहिले." ती निजली म्हटल्यावर सुनेला उभं राहायची लाज वाटली, ती आतल्या खोलीत गेली. पोरगा एका भिंतीला, मामा दुसऱ्या भिंतीला, दोघं एकमेकांकडं पाठ करून. पाच मिनिटं कुरबुर. मग पडवी शांत झाली.

मी काठी घेऊन उंबऱ्यावर बसलो. कोंबड्या येत होत्या, त्यांना हाकलत होतो. कोणी शेजारी आला की तोंडावर बोट ठेवत होतो. एकानं विचारलं, "काय झालं जी, कोणाची तब्येत?" मी म्हणालो, "लग्न जमून राहिलं." तो निजलेल्या लोकांकडं पाहत पाहत गेला.

आणि मग पडवीतून घोरणं सुरू झालं. आधी मामाचं, बारीक, शिट्टीसारखं. मग माझ्या पोराचं. मी त्याच्याकडं वळून पाहिलं. मोठा झाल्यापासून तो त्याच्या खोलीत निजतो, मी माझ्या, त्यामुळं मला हे कधी कळलंच नव्हतं. तो आईसारखा घोरतो. अगदी तसंच. श्वास आत घेताना अडतो, मग गिरणी सुरू होते. मी काठी खाली ठेवली आणि रडलो. नात बाजूला येऊन बसली. माझ्याऐवजी कोंबड्या हाकलत राहिली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा एकेक उठला. मैत्रीण आधी उठून चुलीजवळ गेली होती. तिनं सुनेला न विचारता चहा ठेवला, आणि सून तिला म्हणाली, "साखर वरच्या डब्यात आहे जी." मी ऐकलं. मामाची चाबी मी त्याच्यापुढं ठेवली. त्यानं ती उचलली नाही, तोंडावर पाणी मारून आला. पोरगा सतरंजी झटकून म्हणाला, "बसा जी मामाजी. इकडं सरका जी, तिकडं ऊन येते." त्याला काही माहीत नव्हतं. मी नातीकडं पाहिलं, नातीनं माझ्याकडं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण गप्प राहिलो. सांगितलं असतं तर तो पुढं ‘जी’ मोजून मोजून बोलला असता आणि सगळी मजा गेली असती.

मामानं चहा घेतला आणि सकाळचाच प्रश्न काढला. पण आता तो प्रश्न होता. सकाळी ती शिवी होती.

"एक विचारू का जी? पंगतीले येसान न?"

पोरानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "भावकीतले किती येतीन, मी आज सांगू नाही शकत. काही नाही येतीन. मी येईन, पोरीची माय येईन."

"अन् बाबाजी?"

"मी पहिल्या पंगतीत," मी म्हणालो. "पहिली पंगत उशिरा बसली तं घरूनच जेवून येईन असं मात्र नका समजू."

मी असं म्हणत नाही की झोपेनं जात गेली. गेली नाही. पोरानं खरं तेच सांगितलं, भावकीतली दोन घरं त्या दिवसापासून आमच्याकडं तोंड वाकडं करून जातात. ते रोज पोटभर निजतात. सुनेच्या मनातही काहीतरी होतं, ते तिनं मग विचारलं, पण नीट विचारलं, "पोरीची ड्युटी सुटणार नाही न?" मैत्रीण म्हणाली, "सुटली तं आमाले इंजेक्शन कोण देईन? टोलीतले अर्धे बुढे तिच्यावर टपून बसले आहेत." मग तिनं नातीला जवळ बोलावलं.

"मासोळी रांधता येते का वो?"

"नाही. खाता येते."

"मंग जमलं. माह्या नातवाले रांधता येते."

असं जमलं. उन्हाळी धान निघालं की लग्न. मामा म्हणाला, आता तुमची काही अट असेल तर बोला. सगळे माझ्याकडं पाहायला लागले. मी म्हणालो, "एकच. हळदीच्या रात्री जागरण नाही. लग्नाच्या सकाळी दोन्हीकडचा एकूण एक माणूस निजून उठलेला पाहिजे."

मामा हबकला. "म्हणजे डीजे नाही?"

"नाही."

"डीजे नाही तं हळद कायची जी? पोरं मले खाणीत पुरतीन."

"दहा वाजेपर्यंत."

"बारा."

"दहा."

"तुमचा भाचा असता तं समजलं असतं तुमाले. अकरा."

ते तिथं मिटलं नाही. मामा निघाला, जाताना माझ्या पोराच्या खांद्यावर हात टाकला, आणि मोटारसायकल हातानं ढकलत दोघं फाट्यापर्यंत चालत गेले. त्या रात्री पोरानं त्याची खाट माझ्या खोलीत आणली. मीच सांगितलं आणायला. कारण विचारलं तर म्हणालो, पाठ दुखते, रात्री उठवायला कोणी पाहिजे. आता मी रोज निजतो. सून म्हणते, दोघांच्या आवाजानं मांजर घर सोडून गेली.

डीजेचं मात्र अजून चालूच आहे. मामा साडेदहावर आला आहे, मी दहावर बसलो आहे. काल संध्याकाळी त्याचा फोन आला. नातीनं फोन स्पीकरवर ठेवला. मामा म्हणाला, "ऐक, साडेदहाच्या खाली होत नाही, सांगून ठेवतो." नातीनं खोकायच्या आधीच मी तिच्याकडं पाहिलं. ती हळूच म्हणाली, रात्रपाळी करून आला आहे, दिवसभर एकाच्या खळ्यावर धान चुरायला पण उभा होता.

मी फोनजवळ तोंड नेलं आणि म्हणालो, "मामाजी, आता नाही बोलत जी. जेवा, निजा. सकाळी करा फोन, मंग भांडू."